दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाच्या हातात नेमकं काय असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायगड जिल्ह्यातल्या एका गावाशेजारी, औद्योगिक वसाहतीच्या बाहेर, खासगी जमिनीवर रासायनिक कारखाना येऊ घातला आहे. जनसुनावणीची नोटीस लागली आहे. गावातल्या काही जणांनी ‘पर्यावरण मंत्रालया’ला निवेदन पाठवलं, त्याला दोन महिने झाले. पोच नाही, उत्तर नाही. तेव्हा हे मंत्रालय निघालं कधी आणि कशासाठी, त्याच्या हातात खरंच काही असतं का, की सगळा देखावाच आहे, असं विचारलं आहे.

मी या धंद्यात वीसेक वर्षं आहे. पहिली बरीच वर्षं कंपन्यांसाठी ईआयए अहवाल लिहिले, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचे अहवाल. आता ग्रामपंचायतींसाठी तेच अहवाल वाचून देतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद पाहिलेत. उत्तर लांबेल.

आधी पत्र कुठे गेलं ते बघा. आपल्याकडे ‘मंत्रालय’ म्हटलं की मुंबईतली नरिमन पॉइंटजवळची इमारतच डोळ्यांसमोर येते. तिथे राज्याचा पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग बसतोही. तुमच्यासारखी निवेदनं तिथे जातात, तिथून ‘उचित कार्यवाहीस्तव’ प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात आणि मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात एखाद्या फायलीला टाचली जातात. पण तुमचा कारखाना वसाहतीच्या बाहेर आहे. २००६ च्या ईआयए अधिसूचनेत कृत्रिम सेंद्रिय रसायनांचे वसाहतीबाहेरचे प्रकल्प, लहान घटक सोडले तर, ‘अ’ वर्गात टाकलेत. ‘अ’ वर्गाचा निकाल मुंबईत लागत नाही. तो दिल्लीत जोरबाग रोडवरच्या इंदिरा पर्यावरण भवनात लागतो. त्या मंत्रालयाचं आजचं पूर्ण नाव पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्रालय. तेव्हा निवेदन मुंबईला गेलं असेल तर ते चुकीच्या दारात पडलं आहे. दिल्लीला गेलं असेल तर बहुधा वेळेआधी पोचलं आहे. ते का, ते पुढे सांगतो.

आता ‘हातात काय आहे’. अधिकार भरपूर आहेत, माणसं नाहीत. हे असं का झालं ते इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून तो सांगतो.

१९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले तर तिथे स्वतः गेलेल्या सरकारप्रमुख एकट्या इंदिरा गांधी होत्या. दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का, हा त्यांचा तिथला सवाल अजून उद्धृत होतो, बहुतेक वेळा मोडून-तोडून. त्या परिषदेच्या तयारीसाठी त्याच वर्षी फेब्रुवारीत विज्ञान-तंत्रज्ञान विभागात एक राष्ट्रीय समिती बसवली होती: पर्यावरणीय नियोजन आणि समन्वय समिती. नावातच सगळं आलं. समन्वय करायचा, म्हणजे इतर खात्यांना विनवायचं. धरणं एका खात्याकडे, खाणी दुसऱ्याकडे, जंगल शेती खात्याकडे, आणि ही समिती सगळ्यांना सल्ला देणार.

पुढे १९७४ चा जलप्रदूषण कायदा आला. इथे एक गंमत आहे. पाणी हा घटनेनुसार राज्यांचा विषय. त्यामुळे संसदेला तो कायदा थेट करताच येत नव्हता. काही राज्यांच्या विधिमंडळांनी ‘आमच्यासाठी करा’ असा ठराव दिला, मग कलम २५२ खाली तो झाला. आपला महाराष्ट्र त्या वेळी दोन पावलं पुढे होता. राज्याचा स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा, आणि आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० च्या सप्टेंबरचं, म्हणजे केंद्रीय मंडळाहून चार वर्षांनी थोरलं. केंद्राचा कायदा महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वीकारला. हे अभिमानाने सांगावं असं आहे, पण त्यात एक मेख आहे. राज्य मंडळ हे दिल्लीच्या मंत्रालयाचं शाखा कार्यालय नाही. त्याचे अध्यक्ष आणि सदस्य सचिव राज्य सरकार नेमतं. तुमच्या नाल्याचं पाणी बाटलीत भरून नेणारा क्षेत्र अधिकारी दिल्लीला जबाबदार नसतो. ‘मंत्रालय दखल का घेत नाही’ या तक्रारीचं अर्धं उत्तर इथे आहे.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीबद्दल आपण एरवी बरं बोलत नाही, पण जंगलं आणि वन्यजीव राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आले ते तिच्यामुळेच. पर्यावरणाचं रक्षण हे राज्याचं आणि नागरिकाचंही कर्तव्य, हे ४८-अ आणि ५१-अ (ग) त्याच वेळी घटनेत शिरले. १९८० मध्ये नारायण दत्त तिवारी समितीने स्वतंत्र विभागाची शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९८० ला पर्यावरण विभाग सुरू झाला. त्याच्या आठवडाभर आधी वन संवर्धनाचा अध्यादेश आला होता, त्याचाच पुढे कायदा झाला: वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर राज्याने आधी केंद्राची परवानगी घ्यायची. तोपर्यंत राज्यं आपल्या अधिकारात जंगलं देत होती.

विभागाचं पूर्ण मंत्रालय झालं ते १९८५ च्या जानेवारीत. भोपाळची वायुदुर्घटना होऊन महिना झाला होता. मंत्रालयाची तयारी आधीपासून होती की भोपाळमुळे घाई झाली, यावर वाद घालता येईल. पण भोपाळने काय उघडं पाडलं यावर वाद नाही. त्या कारखान्यावर लक्ष ठेवायचं कुणी? कारखाने निरीक्षक कामगार खात्याचा. प्रदूषण मंडळ पाणी आणि हवा बघणार, तेही कायद्यातल्या चौकटीत. विषारी वायूच्या टाकीची एकत्रित जबाबदारी कुणाचीच नव्हती. त्यातून १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. आज मंत्रालय जे काही करतं त्यातलं बहुतेक याच कायद्याच्या जोरावर करतं.

अवघी २६ कलमं. आमच्या कामात त्यातली दोन रोज लागतात. कलम ३ म्हणतं, पर्यावरणाच्या रक्षणासाठी केंद्र सरकारला आवश्यक वाटतील ते सर्व उपाय करता येतील. कलम ५ म्हणतं, कुणालाही, कुठल्याही अधिकाऱ्याला किंवा प्राधिकरणाला, लेखी निर्देश देता येतील. त्यात कारखाना बंद करणं, वीज-पाणी तोडणंही आलं. इतका रुंद अधिकार फार थोड्या खात्यांना आहे. गंमत म्हणजे त्याच मंत्रालयाला जिल्ह्यात एक शिपाईही मिळाला नाही.

हो, मंत्रालयात दोन वेगळी घराणी नांदतात, हेही माहीत असलेलं बरं. वन विभाग ब्रिटिशांनी १८६४ मध्ये उभारला. त्याला गणवेश आहे, परिक्षेत्रं आहेत, बीट आहेत. तो शेती खात्यातून इकडे आला. पर्यावरणाची बाजू वैज्ञानिकांची. तुम्हाला येणाऱ्या मंजुरीपत्रावर सही असते ‘शास्त्रज्ञ ई’ किंवा तत्सम पदनामाच्या माणसाची. पुण्यात आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणाचं आणि कोरेगाव रस्त्याला वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तेही याच मंत्रालयाचं कुटुंब. पर्यावरण मंजुरी आणि वन मंजुरी या दोन वेगळ्या फायली असतात, वेगळ्या टेबलांवर फिरतात. एकीला हो म्हणजे दुसरीला हो नाही.

१९८६ नंतरचा कारभार अधिसूचनांचा. १९९१ च्या फेब्रुवारीत किनारा नियमन, म्हणजे सीआरझेड. त्याचं मूळ इंदिरा गांधींनी १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात आहे: भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवा. दहा वर्षं ते पत्रच होतं. अधिसूचना झाल्यावर त्याला दात आले. मग १९९४ ची ईआयए अधिसूचना, त्यात १९९७ मध्ये जनसुनावणी सक्तीची, आणि २००६ मध्ये सगळी पुन्हा नव्याने.

अधिसूचना काढायला संसद लागत नाही. त्यामुळे काम पटकन होतं, आणि बिघडवायचं असेल तर तेही पटकन होतं. २००६ च्या अधिसूचनेत इतक्या दुरुस्त्या झाल्या आहेत, वर कार्यालयीन ज्ञापनांची चळत वेगळी, की आमच्या ऑफिसातली तिची प्रत गोधडीसारखी दिसते. २०१७ मध्ये एका अधिसूचनेने आधी बांधकाम करून मागून मंजुरी मागणाऱ्यांसाठी खिडकी उघडली. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला. सल्लागाराने अशिलाला काय सांगावं?

२०२० चा ईआयए मसुदा आठवतो का? मार्चमध्ये, ऐन टाळेबंदीच्या तोंडावर निघाला, इंग्रजी आणि हिंदीत. जूनअखेर दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांमध्ये भाषांतरित करा असं सांगितलं. मंत्रालयाने ते मुकाट्याने मान्य केलं नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मला यात धक्का बसला नाही. मराठीची परवड आम्ही रोज पाहतो. जनसुनावणीसाठी अहवालाचा मराठी सारांश द्यावाच लागतो. तो शेवटच्या रात्री कुणाकडून तरी करून घेतात. एकदा माझ्यासमोर आलेल्या सारांशात पहिल्याच पानावर होतं: ‘प्रस्तावित वनस्पतीची क्षमता दररोज ३०० टन असेल.’ प्लांटचं वनस्पती झालं होतं. पुढे ‘वनस्पतीच्या चिमणीची उंची’सुद्धा होती. गावातल्या एका आजोबांनी सुनावणीत उभं राहून विचारलं, ‘साहेब, ही कुठली वनस्पती, नि तिला चिमणी कशी?’ मंडप हसला, अधिकारीही हसले. पण मला नंतर तो प्रकार हसण्यासारखा वाटला नाही. पानभर वाचूनही त्या माणसाला तिथे काय येणार आहे ते कळलं नव्हतं.

आता मंत्रालयाचा अधिकार प्रत्यक्षात कसा दिसतो ते आपल्याच राज्यात पाहू. त्यासाठी २०१० चा नोव्हेंबर महिना घ्या, जयराम रमेश मंत्री होते तेव्हाचा. एकाच महिन्यात नवी मुंबई विमानतळाला ३२ अटींसह मंजुरी मिळाली, जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला ३५ अटींसह मिळाली आणि लवासाला काम थांबवण्याची नोटीस गेली. लवासाचं म्हणणं, आमच्याकडे राज्याची परवानगी आहे. मंत्रालयाचं म्हणणं, केंद्राची कुठे आहे? पुढच्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. दरम्यान २०११ च्या जानेवारीत कुलाब्याची ‘आदर्श’ इमारत सीआरझेडचा भंग म्हणून पाडण्याचा आदेश मंत्रालयाने दिला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयात पाडकामाला स्थगिती मिळाली. आदेश एका पानाचा असतो, त्याच्या मागे-पुढे न्यायालयांची वर्षं असतात. तरीही तो आदेश निघाला होता, हे विसरू नका. ३१ मजल्यांच्या इमारतीला ‘पाडा’ म्हणू शकणारं दुसरं केंद्रीय खातं मला तरी आठवत नाही.

याच्या उलट डहाणू. १९९१ च्या जूनमध्ये मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. अधिसूचना कागदावर होती, उद्योग आत यायला टपले होते, आणि मंत्रालय हजाराहून अधिक किलोमीटर लांब. मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये याच कायद्याच्या कलम ३ खाली एक स्थानिक प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली ती या प्राधिकरणाने पाठ धरल्यामुळे. वाढवण बंदराला १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने, धर्माधिकारींच्या पश्चात, त्याला ना-हरकत दिली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राची मंजुरी आली. कायदा तोच होता, अधिसूचनाही तीच. माझं मत विचाराल तर १९८६ च्या कायद्याचा सर्वांत चांगला वापर देशात कुठे झाला असेल तर तो त्या काळच्या डहाणूत झाला, कारण तिथे मंत्रालयाचा अधिकार तालुक्यात येऊन बसला होता.

पश्चिम घाटाचं प्रकरण मात्र त्रास देणारं आहे. माधव गाडगीळ समिती मंत्रालयानेच नेमली. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला गेला आणि मंत्रालयाने तो महिनोन्महिने दाबून धरला. मग कस्तुरीरंगन समिती, मग २०१४ पासून घाटातलं क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याच्या अधिसूचनेचे मसुद्यावर मसुदे. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडमध्ये दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी महाराष्ट्राचं १७,३४०. दहा वर्षांत सहा मसुदे. आणि दोष एकट्या मंत्रालयाचा नाही. प्रत्येक मसुद्यानंतर ‘आमची गावं वगळा’ म्हणणाऱ्यांत आपलं राज्यही असतं.

हवामान बदल हा शब्द नावात आला २०१४ च्या मे महिन्यात. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय वाटाघाटी हे मंत्रालयाचं ठळक काम दिसतं. तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, म्हणून सोडतो. गंगा, नद्यांची सफाई ही कामं आता जलशक्ती मंत्रालयाकडे आहेत, त्यामुळे तुमच्या नदीच्या सफाईची तक्रार इथे चालत नाही.

आता तुमची फाईल. कंपनीने ‘परिवेश’ या मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज केला असणार. तज्ज्ञ मूल्यांकन समितीने, आम्ही तिला ईएसी म्हणतो, अभ्यास कशाकशाचा करायचा याची यादी दिली असणार. त्या यादीला टीओआर म्हणतात. ती पोर्टलवर आहे, बैठकीच्या इतिवृत्तासकट, कुणालाही उघडता येते. त्यानुसार अहवालाचा मसुदा झाला आणि आता जनसुनावणी. ती घेतं राज्य मंडळ. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अप्पर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. नोटीस ३० दिवस आधी दोन दैनिकांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात, ग्रामपंचायतीत बघायला ठेवावा लागतो. सुनावणी झाल्यावर अंतिम अहवाल दिल्लीला जातो आणि ईएसीसमोर येतो. तुमचं निवेदन दिल्लीला वेळेआधी पोचलं असं म्हटलं ते यासाठी. तिथे अजून कुणी तुमच्या प्रकल्पाचा निर्णय करायला बसलेलंच नाही. निवेदन वाया गेलेलं नाही, पण आज त्याची जागा मंडळाकडे, सुनावणीच्या नोंदीत आहे.

सुनावणी म्हणजे मतदान नव्हे, हे गावाला आधी समजावून सांगा. गणपूर्ती लागत नाही; पाच माणसं आली तरी ती वैध असते. हजार जणांनी ‘नको’ म्हटलं तरी प्रकल्प तेवढ्याने रद्द होत नाही. घोषणाबाजी केली तर इतिवृत्तात एक ओळ येते: ‘उपस्थितांनी प्रकल्पास विरोध दर्शवला.’ दिल्लीतली समिती ती ओळ वाचते आणि पान उलटते. पण एखाद्या बाईने उठून सांगितलं की पृष्ठ अमुकवर ओढा प्रकल्पापासून दोन किलोमीटरवर दाखवलाय, प्रत्यक्षात तो कुंपणाला लागून आहे, आणि तेच लेखी दिलं, तर कंपनीला त्याचं उत्तर तक्त्यात द्यावं लागतं: मुद्दा, उत्तर, उपाय, खर्च, मुदत. कंपनीने तिथे दिलेला शब्द पुढे मंजुरीची अट होतो. कार्यवृत्त त्याच दिवशी, तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. ते वाचून होईपर्यंत मंडप सोडू नका. जेवणाची पाकिटं वाटली की माणसं पांगतात, हे मी कंपनीच्या बाजूने बसून अनेकदा पाहिलं आहे.

आणखी एक: सातबारा काढा. रायगडात कितीतरी खासगी जमिनींवर ‘खासगी वन’ अशी नोंद सापडते. तशी असेल तर वन मंजुरीची दुसरी फाईल उघडते. वनहक्क कायद्याखालची ग्रामसभा ही जनसुनावणीसारखी नुसती ऐकून घेण्यापुरती नसते. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये दिलेल्या नकारापुढे बॉक्साइटची खाण थांबली. अर्जात अशी नोंद लपवलेली असेल तर तेही महागात पडतं. गोव्यात मोपा विमानतळाच्या अर्जात आसपासच्या जंगलांची आणि नाजूक क्षेत्रांची माहिती नीट दिली नव्हती म्हणून २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित केली. पुढच्या जानेवारीत स्थगिती उठली, पण अटींच्या पालनावर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला देखरेखीस बसवून.

समजा मंजुरी मिळाली. मग खरं काम सुरू होतं, आणि गावं नेमकी इथे थकलेली असतात. मंजुरीचं पत्र आठ-दहा पानांचं, चाळीस-पन्नास अटींचं, इंग्रजीत. कंपनीने त्याची जाहिरात सात दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यायची असते; बारीक अक्षरात, आतल्या पानावर असते. त्या पत्राविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यानंतर दार बंद. लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, तेव्हा दिल्ली गाठावी लागत नाही.

कंपनीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. तो मीही लिहिला आहे, म्हणून सांगतो, तो कसा तयार होतो. डावीकडे अट, उजवीकडे ‘पालन केले’. गेल्या सहामाहीची फाईल उघडायची, तारखा बदलायच्या, प्रयोगशाळेचे नवे तक्ते जोडायचे. ३३ टक्के हरित पट्टा: ‘पालन केले’, सोबत एका गुलमोहराचा फोटो. हा अहवाल मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयात जातो. तिथे मोजकी माणसं आणि त्यांच्या वाट्याला अख्ख्या राज्यातले प्रकल्प. एखादा शास्त्रज्ञ तुमच्या कारखान्यावर काही वर्षांतून एकदा पोचला तरी पुष्कळ. पण अट क्रमांक लिहून, तारखेचा फोटो लावून गावाकडून तक्रार गेली, तर त्या शास्त्रज्ञाला भेटीचं कारण मिळतं. त्याने भेट देऊन ‘पालन नाही’ असं लिहिलं की कंपनीची पुढची विस्ताराची फाईल अडते, कारण विस्तार मागताना जुन्या अटी पाळल्याचा प्रमाणित अहवाल लागतो. कंपन्या दंडाला फारशा घाबरत नाहीत. विस्तार अडला की मात्र व्यवस्थापकाचा फोन आम्हाला रात्री येतो.

दंडाचं विचाराल तर पूर्वी या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायद्याने १ एप्रिल २०२४ पासून ती काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. कैद होती तेव्हा कुणी आत गेलेला मी पाहिला नाही, हे खरं. पण संचालकाच्या तोंडून ‘यात अटक होते का हो?’ हा प्रश्न यायचा आणि त्या प्रश्नावर आमची अर्धी कामं व्हायची. पंधरा लाख मोठ्या कंपनीच्या हिशेबात किरकोळ खर्चात बसतात.

तर देखावा आहे का? नाही. पण ते पोलीस ठाणं नाही. तिथे निवेदनाला उत्तर येत नाही, तिथे फायलीतल्या मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं.

सुनावणीला किती दिवस उरलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. आठवडा असला तरी एक काम होईल. अहवालात ‘सद्यःस्थिती’ असं प्रकरण असतं: पावसाळा सोडून एका हंगामात हवा, पाणी, आवाज यांची मोजमापं. पाण्याच्या तक्त्यात विहिरींची नावं, अक्षांश-रेखांश आणि नमुन्याची तारीख असते. तेवढं पान छापून घ्या आणि त्या-त्या विहिरीवर जाऊन घरच्यांना विचारा, या तारखेला कुणी पाणी न्यायला आलं होतं का. मी एका गावासाठी असंच फिरलो होतो. तक्त्यात चौथ्या विहिरीचा एप्रिलच्या मधल्या आठवड्यातला नमुना होता, क्लोराइडपासून लोहापर्यंत सगळे आकडे दशांशासह. विहिरीच्या मालकीणबाईंनी मला काठावर नेऊन खाली बघायला लावलं. ‘होळी झाली की हिचा तळ दिसतो,’ म्हणाल्या, ‘एप्रिलात पाणी नेलं म्हणता, तर कुठून नेलं ते तरी सांगा. आम्हीच टँकरचं पितो.’